खुराड्याचं लाकूड: कोणती फळी कुठे बसवायची, आणि कोणती आणायचीच नाही

खुराडं बहुतेक वेळा खालून कुजतं. आपलं लक्ष छपराकडे, दाराकडे, रंगाकडे असतं आणि खांब जमिनीत शिरतो त्या चार बोटांच्या पट्ट्यात लाकूड गुपचूप भुसभुशीत होत असतं. माझं पहिलं खुराडं असंच गेलं. खांब थेट मातीत गाडले होते, वरून दोन हात रंग दिला होता. दुसऱ्या पावसाळ्यानंतर सहज हात टेकला तर अख्खा सांगाडा डोलला. खांब उपटून पाहिला तेव्हा खोल मातीतलं टोक बऱ्यापैकी शाबूत होतं, वरचा भाग ठणठणीत होता, आणि माती नि हवा जिथे भेटतात तेवढीच जागा नखाने कुरतडता येत होती.

कारण साधं आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते आणि हवाही लागते. पूर्ण पाण्याखाली बुडालेलं लाकूड शतकानुशतकं टिकतं, कारण तिथे बुरशीला हवा मिळत नाही. कोरडं लाकूडही टिकतं, कारण तिथे ओल नसते. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुज सुरूच होत नाही. तो २८-३० टक्क्यांच्या आसपास जाऊन तिथेच टिकून राहिला की बुरशीची चंगळ असते. जमिनीच्या पातळीवर ओल आणि हवा दोन्ही भरपूर मिळतात.

त्या दिवसापासून वखारीत जाऊन ‘चांगलं लाकूड कोणतं?’ असं विचारणं मी सोडलं. आधी मीच मला विचारतो: ही फळी कुठे बसणार, तिच्यावर पाणी किती वेळ थांबणार, आणि कोंबडीचा पाय किंवा चोच तिला लागणार का?

आधी कागदावर खुराडं काढा

चित्र सुबक नसलं तरी चालेल. प्रत्येक तुकड्यापुढे तो कोणत्या गटात बसतो ते लिहा. पहिला गट जमिनीला टेकणाऱ्या किंवा जमिनीच्या वीतभर जवळ असलेल्या लाकडांचा: खांब, खालची चौकट, कोंबड्यांच्या चढ-उताराची फळी. दुसरा पावसाच्या माऱ्यात पण हवेशीर असलेल्यांचा: बाहेरच्या भिंती, दार, छपराच्या कडेच्या पट्ट्या. तिसरा गट तळाचा. तिथे पाऊस पोचत नाही, म्हणून तळ कोरडा राहील असं आपण गृहीत धरतो आणि तिथेच फसतो. कोंबडीच्या ताज्या विष्ठेत जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी असतं आणि एक कोंबडी दिवसाला शंभर ग्रॅमहून अधिक विष्ठा टाकते. दहा कोंबड्या म्हणजे रोज किलोभर ओला थर, तोही वरून पाऊस नसताना. चौथा गट दांड्या आणि अंड्यांच्या खोक्यांचा. तिथे टिकाऊपणाइतकाच सुरक्षितपणा महत्त्वाचा, कारण कोंबडी रात्रभर त्यांच्यावर पाय रोवून बसते.

या यादीचा फायदा लगेच दिसतो. महाग, टिकाऊ लाकूड पहिल्या गटातच लागतं आणि तो गट सहसा सगळ्यात छोटा असतो. चौथ्या गटाला साधं, स्वच्छ, गुळगुळीत लाकूड पुरतं. सगळं खुराडं सागाचं करायची हौस असेल तर करा, पण गरज नाही.

लाकडाच्या नावाआधी गाभा पाहा

कोणत्याही झाडाच्या बुंध्याचा आडवा काप पाहिला तर मधला भाग गडद आणि सालीकडचा भाग फिकट दिसतो (काही जातींत हा फरक डोळ्याला फारसा जाणवत नाही). मधला तो गाभा. झाड जुनं होत जातं तसे त्याच्या गाभ्यात राळ, टॅनिन, तेलं असे पदार्थ साठतात, आणि बुरशीला नि वाळवीला तेच नकोसे असतात. सालीकडचं पांढरट लाकूड जिवंतपणी रस वाहून नेतं. त्यात साखर नि पिष्ट असतं. तो किडीचा खाऊच. म्हणून एक नियम कायमचा लक्षात ठेवा: झाड कोणतंही असो, सागाचं का असेना, त्याचं पांढरट लाकूड टिकाऊ नसतं.

‘साग आहे’ एवढं ऐकून समाधान मानलं तर पुढे पस्तावायची वेळ येते ती यामुळेच. लवकर तोडलेल्या, कमी वयाच्या सागात पांढरा भाग जास्त असतो. त्या फळीवर सागाचं नाव असतं, सागाचा टिकाऊपणा नसतो. फळीची दोन्ही टोकं आणि दोन्ही कडा पाहा. कडेला फिकट पट्टा असेल तर ती फळी बाद करू नका, आतल्या भागात वापरा. खांबासाठी मात्र घेऊ नका.

गाभ्याच्या टिकाऊपणाचे युरोपीय मानकात पाच वर्ग केले आहेत. जुन्या चाचण्यांत ५ सेंटिमीटर जाडीच्या खुंट्या जमिनीत रोवून त्या किती वर्षांत कुजतात ते पाहिलं जाई. पहिल्या वर्गातल्या खुंट्या २५ वर्षांहून जास्त टिकल्या, दुसऱ्या वर्गातल्या १५ ते २५, तिसऱ्या १० ते १५, चौथ्या ५ ते १०, आणि पाचव्या वर्गातल्या पाच वर्षांच्या आत गेल्या. जुन्या झाडाचा साग पहिल्या वर्गात येतो. ओक दुसऱ्यात. उत्तर अमेरिकेतल्या जुन्या जंगलातला लाल सीडारही दुसऱ्यात येतो, पण त्याच जातीचं इतरत्र लागवड केलेलं झाड एक पायरी खाली उतरतं. लार्च आणि डग्लस फर तिसऱ्या-चौथ्या वर्गाच्या मध्ये, पाईनही साधारण तिथेच, स्प्रूस चौथ्यात. बीच, बर्च, पॉपलर पाचव्यात. आंब्याचं आणि रबराचं लाकूडही बाहेरच्या ओलीत टिकत नाही. फर्निचरला ते छान दिसतं, पण उघड्यावर लवकर काळं पडतं आणि भुंगा लागतो. देवदार आणि फणसाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही. बाभळीचा गाभाही चिवट, पण ती सरळ मिळणं कठीण, आणि तिच्यात खिळा ठोकताना मनगट दुखतं.

ही वर्षं जमिनीत रोवलेल्या लाकडाची आहेत हे विसरू नका. तीच चौथ्या वर्गाची पाईन फळी जमिनीपासून वर, हवेशीर, छपराच्या वळचणीखाली असेल तर कितीतरी जास्त टिकते. म्हणून दुसऱ्या गटासाठी साधी पाईन चालते. तिचं आयुष्य जातीपेक्षा बांधणीवर जास्त ठरतं.

बांबूचं थोडक्यात. तो बळकट आहे, हलका आहे, पण त्यात पिष्ट भरपूर, म्हणून भुंगा पटकन लागतो, आणि प्रक्रियेविना जमिनीत तो दोन-तीन वर्षांपलीकडे क्वचितच जातो. बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या द्रावणात मुरवलेला बांबू छपराखाली उत्तम. जमिनीत मात्र नको.

दाबप्रक्रिया केलेलं लाकूड: घ्यावं का?

या मुद्द्यावर दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात. एक म्हणतं ‘विष आहे, हात लावू नका’, दुसरं म्हणतं ‘सगळे वापरतात’. खरं काय ते कोणतं रसायन, किती जुनं लाकूड आणि कुठली जागा यावर अवलंबून आहे.

दाबप्रक्रियेत लाकूड बंद टाकीत ठेवून त्यातली हवा काढतात आणि मग दाबाने रसायन आत भरतात. विसाव्या शतकात यासाठी सर्वांत जास्त वापरलं गेलं ते तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण. त्याला सीसीए म्हणतात. सोंती कामेसन या भारतीय शास्त्रज्ञाने ते १९३३ मध्ये शोधलं. लाकूड टिकवण्यात ते इतकं प्रभावी ठरलं की जगभर वीजखांब, कुंपणं, मुलांचे झोपाळेसुद्धा त्याचेच झाले. अडचण आर्सेनिकची. ते हळूहळू पावसाबरोबर झिरपतं आणि खांबाभोवतीच्या मातीत साठतं. अमेरिकेत २००३ च्या अखेरीस उत्पादकांनी घरगुती वापरासाठी ते बनवणं थांबवलं, युरोपीय संघाने २००४ पासून त्यावर कडक बंधनं आणली. म्हणजे त्याआधीचं, हिरवट किंवा हिरवट-राखाडी झालेलं जुनं लाकूड कुणी फुकट देत असेल तर ते सीसीए असण्याची दाट शक्यता धरूनच चाला. माणूस अशा कुंपणाला टेकून उभा राहिला तर फारसं बिघडत नाही. कोंबडीची गोष्ट वेगळी. ती दिवसभर त्याच खांबाच्या बुडाशी माती उकरते, माती गिळते, आणि आपण तिचं अंडं खातो. खुराड्याला सीसीए नको.

आजचं दाबप्रक्रियेचं लाकूड बहुतेक ठिकाणी तांब्यावर आधारित असतं: एसीक्यू, कॉपर अॅझोल किंवा बारीक कणांच्या रूपातलं तांबं. आर्सेनिक त्यात नसतं. माझं मत विचाराल तर खांब आणि खालची चौकट यांसाठी हे लाकूड मी बिनदिक्कत वापरतो. दांड्या, अंड्यांची खोकी, खाण्याची गव्हाण आणि तळाचा वरचा पृष्ठभाग यांसाठी वापरत नाही. नवं आणलेलं लाकूड ओलं आणि चिकट वाटलं तर रचून, मध्ये पट्ट्या घालून, काही आठवडे वाळू द्या. त्याचा भुसा गोळा करून फेकून द्या, खुराड्यात अंथरू नका.

शिक्का वाचायला शिका. बाहेरच्या पण जमिनीपासून वरच्या वापराचं लाकूड आणि जमिनीत रोवायचं लाकूड यांत रसायनाचं प्रमाण वेगळं असतं. युरोपात वापराचे वर्ग ३ आणि ४, अमेरिकेत यूसी३ आणि यूसी४, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये एच३ आणि एच४ अशी त्यांची नावं आहेत. आकडा ३ म्हणजे उघड्यावर पण वर, ४ म्हणजे मातीत. तीनचं लाकूड मातीत गाडलं तर पैसे मातीत गेले.

आणखी दोन गोष्टी दुकानदार सहसा सांगत नाही. तांब्याचं प्रमाण जास्त असल्यामुळे हे लाकूड साधे खिळे खातं. चकचकीत पातळ जस्ताचा मुलामाही पुरत नाही. गरम जस्तात बुडवलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लागतात, आणि अॅल्युमिनियमचा पत्रा थेट चिकटवायचा नसतो. दुसरं, रसायन सगळ्या लाकडात आरपार जातच असं नाही. तुम्ही फळी कापली की आतलं कोरं लाकूड उघडं पडतं. कापलेल्या टोकावर अशा टोकांसाठी मिळणारं संरक्षक रसायन किंवा निदान घट्ट रंग द्या आणि ते टोक शक्यतो वरच्या बाजूला ठेवा, मातीत नको.

बोरॅक्सवर आधारित प्रक्रिया कोंबड्यांच्या दृष्टीने सौम्य, वाळवी आणि भुंग्यावर चांगली चालते. पण ती पाण्यात विरघळते. पावसात राहिली की धुऊन जाते. छपराखालचे वासे, आतल्या रिपा यांसाठी योग्य, बाहेर नाही.

जे आणायचंच नाही

रेल्वेचे जुने स्लीपर दिसायला भक्कम, फुकट किंवा स्वस्त मिळतात, आणि मोह होतो. ते क्रिओसोटमध्ये बुडवलेले असतात. क्रिओसोट म्हणजे कोळशाच्या डांबराचा अर्क. त्यात कर्करोगकारक घटक असतात, आणि उन्हात ते घामासारखे वर येतात. कोंबड्या त्या चिकट थरावर बसतात, चोच घासतात. नकोच.

जुने वीजखांब आणि जुन्या गोठ्यांच्या तुळया यांत पेंटाक्लोरोफिनॉल हे लाकूड टिकवणारं रसायन असू शकतं. ते २०१५ पासून, निसर्गात सहज न विरणाऱ्या विषारी रसायनांवरच्या स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. ते बनवताना त्यात डायॉक्सिन हे अतिविषारी द्रव्य मिसळलेलं राहतं, आणि डायॉक्सिन चरबीत साठतं, म्हणजे अंड्याच्या बलकात. पोलंडमध्ये मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांत डायॉक्सिन सापडलं तेव्हा शोध घेत घेत माग थेट त्यांच्या खुराड्याच्या जुन्या लाकडापर्यंत गेला. त्याच घराण्यातली रसायनं लावलेल्या लाकडाच्या भुशामुळे अंड्यांना आणि मांसाला कुबट चव येते, हे १९६० च्या दशकातच लक्षात आलं होतं: क्लोरोफिनॉलवर बुरशी काम करते आणि त्यातून कुबट वासाचं संयुग तयार होतं. अंडी कारण नसताना मातकट लागत असतील तर आधी लाकूड आणि अंथरलेला भुसा संशयात घ्या.

जुना रंग असलेली दारं-खिडक्या हाही असाच मोह. जुन्या तैलरंगांत शिसं असे. अमेरिकेत घरगुती रंगात त्यावर १९७८ मध्ये बंदी आली, इतर अनेक देशांत आगेमागे किंवा बरीच उशिरा. कोंबडी पापुद्रे टिपून खाते आणि शिसं अंड्यात उतरतं. ‘घासून काढतो’ म्हणाल तर धूळ तुमच्याच फुप्फुसात आणि अंगणातल्या मातीत जाते. रंगाचं वय माहीत नसेल तर ते लाकूड सोडा.

माल वाहण्याच्या लाकडी पॅलेटचं मात्र सरसकट वाईट नाही. आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या पॅलेटवर भाजून उमटवलेला किंवा छापलेला शिक्का असतो: गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह, देशाची दोन अक्षरं, एक क्रमांक आणि शेवटी प्रक्रियेचं नाव. त्यात इंग्रजी ‘एचटी’ असेल तर ते लाकूड फक्त तापवलेलं आहे. गाभ्यापर्यंत किमान ५६ अंश सेल्सियस, सलग ३० मिनिटं. ‘एमबी’ असेल तर ते मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूच्या धुरीत ठेवलं होतं. ते घेऊ नका. शिक्काच नसेल तर ते देशांतर्गत वापराचं असू शकतं, त्याचा पूर्वेतिहास कळत नाही. आणि ‘एचटी’ असलं तरी वास घ्या, डाग पाहा. त्यावर काय सांडलं होतं हे शिक्का सांगत नाही. दुसरी मर्यादा: एचटी म्हणजे आतली कीड मेली, एवढंच. उद्याच्या बुरशीपासून त्यात काहीही संरक्षण नाही. पॅलेटच्या पातळ फळ्या मी अंड्यांच्या खोक्यांना आणि आतल्या आडोशांना वापरतो, बाहेर नाही.

प्लायवूड आणि बाकीचे तक्ते

एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड खुराड्याच्या जवळही नकोत. एकदा फुगले की परत बसत नाहीत. ओएसबी (लाकडाच्या चपट्या कपच्या दाबून केलेला तक्ता) थोडं बरं, पण कडांनी पाणी पितं. प्लायवूड वापरायचं तर उकळत्या पाण्यात न सुटणाऱ्या गोंदाचं, म्हणजे मरीन किंवा बाहेरच्या वापराचं घ्या, आणि चारही कडांना दोन-तीन हात रंग किंवा राळ देऊनच बसवा. प्लायचा पृष्ठभाग टिकतो, मरतात त्या कडा. तळासाठी प्लाय चांगलं, कारण सांधे कमी. वर जाड विनाइलचा तुकडा अंथरला तर खरवडणं सोपं जातं आणि ओल लाकडापर्यंत पोचत नाही.

तापमानासाठी भिंतीत थर्माकोल भरायचा विचार असेल तर तो दोन्ही बाजूंनी पूर्ण झाका. कोंबड्यांना थर्माकोल कमालीचा आवडतो. का ते मला आजवर कळलेलं नाही.

वखारीत फळी निवडताना

फळी डोळ्याच्या रेषेत धरून लांबीने पाहा. पीळ असेल तर परत ठेवा, दाराच्या चौकटीत तो तुम्हाला रोज छळेल. टोकाकडून पाहिल्यावर वलयं उभी दिसतात ती फळी कमी वाकते, कारण लाकूड वलयांच्या दिशेने जवळजवळ दुप्पट आक्रसतं. घट्ट, जिवंत गाठी चालतात. काळी कड असलेली सैल गाठ एक दिवस गळून पडते आणि तिथून सापाचं पिल्लू किंवा उंदीर आत येतो. निळसर डाग म्हणजे लाकडाची ताकद गेली असं नाही, पण ते बराच काळ ओलं पडून होतं याचा तो पुरावा आहे.

ओलावा मोजायचं छोटं यंत्र असेल तर १२ ते १८ टक्के दाखवणारं लाकूड घ्या. यंत्र नसेल तर घरी करता येतं. फळीच्या टोकापासून हातभर आत, दोन-तीन सेंटिमीटर रुंदीचा काप काढा (अगदी टोक नेहमी जास्त कोरडं असतं, ते फसवतं). लगेच वजन करा. मग ओव्हनमध्ये १०३ अंशांच्या आसपास ठेवा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत दर दोन-तीन तासांनी मोजत राहा. समजा सुरुवातीला २३६ ग्रॅम होतं आणि शेवटी २०० ग्रॅमवर थांबलं. गेलेलं पाणी ३६ ग्रॅम, भागिले कोरडं वजन २००, म्हणजे १८ टक्के. चालेल. हा प्रयोग रसायनाने भरलेल्या लाकडावर स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये करू नका, हे सांगायला नको, तरी सांगतो.

वास येणाऱ्या लाकडांबद्दल नेहमी विचारतात. सीडारच्या वासाची तेलं बंद जागेत, पिल्लांखाली भुसा म्हणून अंथरली तर श्वसनाला त्रासदायक ठरू शकतात. लाल सीडारच्या धुळीने सुतारांना दमा होतो, हे पुरतं सिद्ध झालेलं आहे. कापताना मास्क लावा. पण वाळलेली फळी हवेशीर खुराड्याची बाहेरची भिंत म्हणून लावली तर अडचण नाही. सीडार आणि ओक दोन्हींत टॅनिन असतं, ते लोखंडी खिळ्याभोवती काळे ओघळ सोडतं. तिथेही स्टेनलेस घ्या. कण्हेरीची फांदी मात्र दांडी म्हणूनही वापरू नका, ती सगळीच विषारी.

दांड्या, फटी आणि रात्री येणारे पाहुणे

कोंबड्यांच्या लाल माइट (गोचिडीच्या जातीचे बारीक जीव) दिवसा कोंबडीवर राहत नाहीत. त्या लाकडाच्या फटीत, दांडीच्या टोकाखाली, छपराच्या कागदाखाली लपतात, आणि रात्री बाहेर येऊन रक्त पितात. उबदार हवेत आठवडा-दीड आठवड्यात त्यांची नवी पिढी तयार होते, आणि उपाशीपोटी त्या महिनोन्‌महिने तग धरतात. खुराडं दोन महिने रिकामं ठेवलं म्हणून त्या मेल्या, असं समजू नका.

म्हणून आतलं सगळं लाकूड रंधा मारलेलं असावं. खडबडीत करवतीची फळी बाहेरून देखणी, आतून माइटची चाळ. सांधे जितके कमी तितकं बरं; जे आहेत ते भरा. दांड्या खिळ्यांनी ठोकू नका, खाचेत नुसत्या ठेवा, म्हणजे महिन्याला काढून उन्हात टाकता येतात आणि टोकं तपासता येतात. साल असलेली गोल फांदी नैसर्गिक वाटते, पण सालीखाली माइट आरामात राहतात. साल सोलून टाका.

दांडी साधारण ४ ते ५ सेंटिमीटर रुंद, वरून चपटी, कडा घासून गोल केलेली असावी. कुसळ राहिलं तर पायाच्या गादीला टोचतं, त्यातून जंतू शिरतात आणि गळू धरतं. त्या दुखण्यावर उपचार करणं जिकिरीचं आहे, पॉलिश पेपरने दहा मिनिटं घासणं सोपं. एका कोंबडीला २० ते २५ सेंटिमीटर जागा धरा. दहा कोंबड्या म्हणजे २५ किलोपर्यंत भार, तेव्हा लांब दांडीला मध्ये आधार हवाच.

वरून काय लावायचं

जळकं ऑइल लावू नका. वाळवी पळते हे खरं, पण इंजिनात फिरलेल्या तेलात जड धातू आणि कर्करोगकारक घटक असतात, आणि ते सुकत नाही. पिसांना, पायांना, शेवटी पोटात जातं. वाळवीचं फवारायचं औषधही खुराड्याच्या लाकडावर नको, पक्ष्यांना त्यातली अनेक जहाल असतात.

बाहेरून पाण्यात मिसळणारा बाह्य भिंतींचा अॅक्रिलिक रंग किंवा जवसाचं तेल चांगलं. कच्चं जवसाचं तेल सुकायला आठवडे घेतं. ‘उकळलेलं’ म्हणून मिळतं त्यात लवकर सुकण्यासाठी बहुधा धातूंचे क्षार घातलेले असतात, म्हणून ते बाहेरूनच आणि पूर्ण सुकल्यावरच कोंबड्या आत सोडा. तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप पेट घेते, खरोखर. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

आतून मी चुनाच देतो. भिजवलेल्या चुन्याचे दोन-तीन पातळ हात बारीक फटी बुजवतात, आत उजेड वाढवतात, आणि पांढऱ्यावर माइटचे लाल-करडे ठिपके लगेच दिसतात. ओला चुना डोळ्याला आणि कातडीला घातक असतो. चष्मा आणि हातमोजे घाला, पूर्ण सुकेपर्यंत कोंबड्या बाहेर.

खांबाचं बूड जाळून काळं करायची जुनी रीत आहे. वरचा थर कोळशाचा होतो, पण त्याला चिरा पडतात आणि ओल आत जातेच. जमिनीतल्या खांबाला तिचा भरवसा धरू नका.

पाण्याला थांबू देऊ नका

खांब मातीत गाडण्याऐवजी दगडावर किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यावर, धातूच्या बुटात बसवा, म्हणजे लाकडाचं टोक ओलीपासून काही सेंटिमीटर वर राहतं. गाडायचाच असेल तर चारी बाजूंनी काँक्रीटचा पेला करू नका. त्यात पाणी साचून खांब भिजत राहतो. खाली खडी टाका, पाणी निघून जाऊ दे. लाकडाचं आडवं कापलेलं टोक पृष्ठभागापेक्षा कित्येक पट वेगाने पाणी ओढतं. सगळ्या टोकांना मेण, रंग किंवा तेल पाजा, दोनदा. माझ्या मते अख्ख्या कामातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा तास हाच.

तळ जमिनीपासून ३० ते ४५ सेंटिमीटर वर घ्या. खाली हवा खेळते आणि उंदराला घर मिळत नाही. भिंतीच्या फळीची खालची कड मातीपासून १५ ते २० सेंटिमीटर वर राहू द्या, पावसाचे शिंतोडे तिथवर उडतात. छप्पर भिंतीपुढे ३० सेंटिमीटर तरी यावं. फळ्या आडव्या लावल्यास वरची खालचीवर अडीच सेंटिमीटर चढवा. हवेच्या खिडक्या दांड्यांच्या वर, छपराखाली ठेवा: रात्रभराचा ओलसर श्वास आणि अमोनिया बाहेर गेला नाही तर लाकूड आतून भिजतं, मग बाहेर कितीही रंग द्या.

काम संपल्यावर चुंबक फिरवून पडलेले खिळे, तारेचे तुकडे, स्क्रू गोळा करा. चकाकणारं काहीही कोंबडी गिळते, आणि जस्ताचा मुलामा तिच्या पोटात विरघळतो.

दरवर्षी, पावसाळा संपल्यावर

पेचकस घ्या. खांबाचं बूड, खालची चौकट, तळाचे कोपरे, दाराच्या बिजागऱ्यांखालची जागा टोचून पाहा. निरोगी लाकूड पेचकसाला अडवतं. टोक सहज अर्धा सेंटिमीटर आत गेलं आणि लाकूड लहान चौकोनी तुकड्यांत तुटलं किंवा तंतू-तंतू सुटले, तर कुज आत आहे. नुसतं रंगवू नका. रंगाने ओल कोंडली जाते. कुजलेला भाग आणि त्यापलीकडचं वीतभर चांगलं लाकूडही कापून नवा तुकडा बसवा, आणि पाणी तिथे का थांबलं ते शोधा, नाहीतर नवा तुकडाही त्याच वाटेने जाईल.

काढलेलं लाकूड प्रक्रिया केलेलं असेल तर चुलीत किंवा शेकोटीत घालू नका. सीसीए असेल तर धुरात आर्सेनिक येतं आणि राखेत ते एकवटतं. कोंबड्यांना धूळस्नानासाठी आपण राख टाकतो. ती साध्या, कोऱ्या लाकडाचीच हवी.